चार बाय चारशे

पहाटे साडेपाचच्या सुमारास जालन्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर गेलं, तर अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि माणसं नंतर दिसतात. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदनकडची मुलं-मुली शहरात खोली करून राहिलेली असतात. सकाळी ग्राउंड, दिवसा कॉलेज नाहीतर अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. इथल्या बोलीत 'ग्राउंड' हा शब्द जागेपुरता राहिलेला नाही. 'त्याचं ग्राउंड निघालं' म्हणजे पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत त्याला पन्नासपैकी घसघशीत गुण पडले. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. सोळाशेचे पुरते वीस गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यायचं, हे इथल्या पोराला स्वतःच्या जन्मतारखेइतकं पाठ असतं.

१ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेर ओळखला जातो तो बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडाच्या सळया आणि मोसंबीच्या बागांसाठी. पण तीन-चार एकर कोरडवाहूवर वाढलेल्या मुलाला खात्रीच्या पगाराचा रस्ता अजूनही वर्दीतूनच दिसतो. शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. वर्दी रोज डोळ्यांसमोरून जाते. २०१८ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. बाला रफिक शेखने गदा उचलली, तेव्हा ती पाहणाऱ्या किती तरी पोरांच्या मनात गदेच्या मागे नोकरीही उभी असणार. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. स्टीपलचेसचं राष्ट्रकुल पदक त्यानंतर आलं. मैदानाने आधी भाकरी दिली आणि मग कीर्ती, हा आपल्या भागातला क्रम आहे.

म्हणून महाविद्यालयाच्या मैदानावरून एखाद्या मुलाला किंवा मुलीला हुसकावून लावलं, तर त्याचा फक्त छंद सुटत नाही, त्याची पुढची चाळीस वर्षं बदलतात. हा लेख अशा हुसकावण्याविषयी आहे. एका शब्दाने सुरू होणाऱ्या हुसकावण्याविषयी.

तो शब्द

सुमारे तीस वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात मी चारशे मीटर धावत असे. आमच्या चार बाय चारशे रिलेच्या चौघांत तिसऱ्या लेगला जो मित्र धावायचा, तो आमच्यात सगळ्यांत हलक्या पायाचा होता. वळणावर तो असा काही झुकायचा की सर टाळ्या वाजवायचे. त्याचा आवाज मऊ होता, बोलताना हात हलायचे, आणि मुलींबद्दलच्या आमच्या गप्पांत तो कधी रमला नाही. एका संध्याकाळी कुणीतरी त्याला 'बायल्या' म्हटलं. आठवड्याभरात तेच त्याचं नाव झालं. मग वसतिगृहात त्याच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेलं दिसू लागलं, कपडे बदलताना धक्काबुक्की सुरू झाली. तो उशिरा येऊ लागला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच वॉर्मअप करू लागला, आणि एके दिवशी यायचा थांबला. हजेरीच्या वेळी सरांनी त्याचं नाव घेतलं तेव्हा कुणीतरी तोच शब्द पुटपुटलं आणि सगळे हसले. मीही हसलो.

त्याचा लैंगिक कल काय होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. कदाचित तो समलिंगी असेल, कदाचित नसेल. त्या शब्दाला याच्याशी काही देणंघेणं नसतं. मैदानावर पुरुषपणाचं एक माप ठरलेलं असतं आणि त्या मापात जो बसत नाही, त्याच्या अंगावर तो शब्द चिकटतो. मुलींच्या बाबतीत तोच वार उलट्या बाजूने होतो. केस बारीक कापलेल्या, खांदे रुंद असलेल्या, गोळा लांब फेकणाऱ्या मुलीच्या मागून कुजबुज येते : ही पोरगी आहे का पोरगा?

इथे शब्द नीट लावून घेतले पाहिजेत, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. कुणाविषयी ओढ वाटते, हा लैंगिक कल. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी ओढ वाटत असेल तर ती व्यक्ती समलिंगी. दोघांविषयी वाटत असेल तर उभयलिंगी. आपण स्वतः कोण आहोत, ही आतली जाणीव म्हणजे लिंगभाव; जन्मावेळी लिहिलेल्या लिंगाशी ती जाणीव जुळत नसेल तर ती व्यक्ती ट्रान्सजेंडर, पारलिंगी. आणि काही जणांच्या शरीराची घडणच, म्हणजे गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं, स्त्री किंवा पुरुष या ठरलेल्या साच्यात पूर्ण बसत नाही. त्यांना इंटरसेक्स म्हणतात. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मैदानावरचा तो एक शब्द मात्र तिघांनाही एकाच टोपलीत टाकतो.

शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट

हे सगळं मुंबई-पुण्याचं, आपल्याकडे असलं काही नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी ललित साळवे यांचं उदाहरण पुरेसं आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ते. २०१० मध्ये ललिता या नावाने ते बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले. पुढे शरीरातले बदल जाणवू लागले, तपासण्या झाल्या आणि शरीरात वाय गुणसूत्र असल्याचं निष्पन्न झालं. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. पुरुष आणि महिला शिपायांचे उंची-वजनाचे निकष वेगळे, मग हा शिपाई कोणत्या रकान्यात बसवायचा, असा पेच प्रशासनापुढे होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या दिशेने गेलं. शेवटी राज्य सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नोकरी टिकली. पुढे त्यांचं लग्न झालं, ते बाप झाले.

या गोष्टीतला निकालाचा भाग वर्तमानपत्रांनी सविस्तर छापला. मला त्याआधीच्या वर्षांचा विचार येतो. भरतीच्या दिवशी मुलींच्या रांगेत उभं राहून धावताना, कपडे बदलण्याच्या खोलीत सगळ्यांसोबत असताना त्या तरुण जिवाच्या मनात काय चाललं असेल? बीड आणि जालना एकाच विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तिथे एक ललित साळवे होते, तर आज आपल्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या शेकडो मुलामुलींत असं कुणीच नाही, हे कोणत्या हिशेबाने मानायचं?

दुसरी गोष्ट भरतीच्या अर्जाचीच. २०२२ च्या पोलीस भरतीत ऑनलाइन अर्जावर लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, पुरुष आणि स्त्री. सातारा जिल्ह्यातली आर्या पुजारी आणि तिच्यासारखीच ट्रान्सजेंडर असलेली निकिता मुख्यदल न्यायाधिकरणात गेल्या. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती अभय आहुजा यांच्या खंडपीठाने सरकारला खडसावलं. तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. त्यानंतर इतकी वर्षं नियम का केले नाहीत, हा न्यायालयाचा रोख होता. मग अर्जात तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे निकष २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत ठरवण्याची मुदत सरकारला मिळाली. दोन मुलींना धावायची संधी मागायला न्यायालयापर्यंत धावावं लागलं, तेव्हा कुठे तो रकाना उघडला. पण अर्जाचा रकाना उघडला म्हणून मैदान उघडत नाही. भरतीच्या दिवशी पळता यायला त्याआधी दोन वर्षं रोज कुठेतरी पळावं लागतं, आणि ते 'कुठेतरी' म्हणजे महाविद्यालयाचं, अकॅडमीचं, तालुक्याचं ग्राउंड.

कुजबुज प्रयोगशाळेत जाते तेव्हा

'पोरगी आहे का पोरगा' या कुजबुजीचं पुढे काय होऊ शकतं, हे भारताने तीन धावपटूंच्या रूपात पाहिलं आहे.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदराजन ही वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी. डिसेंबर २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये तिने रौप्यपदक जिंकलं. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली, पदक काढून घेण्यात आलं, आणि तिच्या शरीराचा तपशील जगभरच्या बातम्यांत गेला. पुढच्या वर्षी तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. काही वर्षांनी ती पुन्हा वीटभट्टीवर रोजंदारी करताना दिसली. पुढे ती प्रशिक्षक झाली, हे तिचं मनोधैर्य. पण गेलेली वर्षं कुणी परत दिली नाहीत.

त्याच दोहा स्पर्धेत चार बाय चारशे रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात बंगालची पिंकी प्रामाणिक होती. २०१२ मध्ये ती पुरुष असल्याचा आणि तिने बलात्कार केल्याचा आरोप झाला, अटक झाली. तिच्या तपासणीचं चित्रीकरण मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिच्यावरचे आरोप रद्द केले. आरोप पुसला गेला, ते चित्रीकरण कुणाच्या मनातून कसं पुसायचं?

तिसरी द्युती चंद, ओडिशातल्या विणकर घरातली. शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी तिला वगळलं. ती गप्प बसली नाही. क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये दोन रौप्यपदकं आणली. मे २०१९ मध्ये तिने आपलं एका स्त्रीवर प्रेम असल्याचं उघड सांगितलं. असं सांगणारी ती पहिली भारतीय धावपटू. घरातून, गावातून विरोध झाला, तरी ती मागे हटली नाही. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली, तो वेगळा विषय. पण सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ च्या कचाट्यातून समलिंगी संबंधांना मोकळं केल्यावर वर्ष उलटायच्या आत एका खेडेगावातल्या मुलीने ते स्वातंत्र्य मैदानावरून उच्चारलं, हे विसरता येत नाही.

तिघीही गरीब घरच्या, तिघीही छोट्या गावांतल्या. मोठ्या शहरातली, इंग्रजी बोलणारी, वकील पाठीशी असलेली माणसं या वादळातून कशीबशी तरून जातात. गावच्या मैदानावरून आलेल्यांना त्यात सगळंच गमवायची वेळ येते.

बरोबरीचा प्रश्न

हा विषय काढला की बहुतेक क्रीडाशिक्षक एकच शंका विचारतात. ट्रान्सजेंडर मुलगी मुलींच्या गटात धावली तर बाकीच्या मुलींवर अन्याय नाही का?

ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू, हाडं, उंची यांत फरक पडतो, आणि मुलींचा वेगळा गट ठेवला गेला तो त्याचसाठी. आपल्या भागात मुलींना मैदान मिळालं तेच मुळी अलीकडे, घरच्यांशी आणि गावाशी झगडून. त्यांच्या चिंतेला किंमत आहे. जगातल्या संघटनाही या प्रश्नावर कठोर होत गेल्या आहेत. पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्सजेंडर स्त्रियांना जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ पासून स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांतून वगळलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तेच केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनेही स्त्रियांचा गट जन्मावेळच्या लिंगापुरता मर्यादित केला. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेपासून स्त्री धावपटूंना आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी द्यावी लागते. दुसऱ्या बाजूला, दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिला टेस्टोस्टेरॉनच्या नियमाविरुद्धच्या दाव्यात न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं. म्हणजे वाद संपलेला नाही.

पण हा वाद कुठला आहे, हे ओळखलं पाहिजे. तो मोठ्या स्पर्धांतल्या पदकांच्या दारातला आहे. जालन्यातल्या महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत, सकाळच्या सरावात, व्यायामशाळेत, संघाच्या सहलीत तो येतच नाही. आणि समलिंगी, उभयलिंगी मुलामुलींच्या बाबतीत तर तो कुठेच येत नाही. समलिंगी मुलगा मुलांच्याच गटात धावतो, समलिंगी मुलगी मुलींच्याच संघात कबड्डी खेळते. त्यांना गट बदलून नको आहे. त्यांना शिव्या नको आहेत. न्यूझीलंडच्या क्रिकेट संघात एमी सॅटर्थवेट आणि लिया ताहुहू या दोघी एकमेकींच्या जोडीदार असूनही एकत्र खेळल्या आणि त्यांच्या संघाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मूठभरांविषयीच्या एका अवघड प्रश्नाआड लपून आपण बहुसंख्यांविषयीचा एक अगदी सोपा प्रश्न वर्षानुवर्षं टाळत आलो आहोत.

जिथे खरोखर गटाचा पेच पडतो, तिथेही वाट काढता येते. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका ट्रान्सजेंडर ज्युदोपटूच्या याचिकेवर अंतरिम आदेश देताना सांगितलं की, जिल्हा स्पर्धेत तिच्यासाठी वेगळा गट नसेल, तर तिने निवडलेल्या गटात तिला खेळू द्यावं. गट नाही ही संयोजकांची उणीव आहे, त्याची शिक्षा खेळाडूला कशाला?

क्रिकेटमधली एक ताजी गोष्टही मराठवाड्याच्या मातीशी जोडलेली आहे. बीडला जन्मलेले भारताचे माजी अष्टपैलू संजय बांगर यांच्या अपत्याने, अनाया बांगरने, २०२४ मध्ये आपण ट्रान्सजेंडर स्त्री असल्याचं आणि त्यासाठी उपचार घेतल्याचं जाहीर केलं. मुलगा म्हणून क्रिकेट खेळताना स्वतःला लपवावं लागलं, ड्रेसिंग रूममधला पुरुषी माज सोसावा लागला, हे तिने मुलाखतींतून सांगितलं आहे. नाव, पैसा, मुंबई-इंग्लंडचा आधार पाठीशी असलेल्या घरात ही अवस्था. मग परतूरच्या एसटी स्टँडवर पहाटेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोराने कुणाकडे बघायचं?

कायद्याची वही कपाटात

आपल्या महाविद्यालयांना नवा कायदा नको आहे. आहे तो वाचला तरी पुष्कळ.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ चा आशय असा, की शासनाचा निधी घेणाऱ्या किंवा शासनमान्य असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने ट्रान्सजेंडर व्यक्तींना सर्वसमावेशक शिक्षण आणि खेळ, करमणूक, विरंगुळा यांच्या संधी इतरांच्या बरोबरीने, भेदभाव न करता द्याव्यात. 'खेळ' हा शब्द कायद्यात स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. त्याच कायद्यात शारीरिक आणि तोंडी छळाला सहा महिने ते दोन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती केली. जात, धर्म, वर्ण, भाषा यांच्याबरोबर लिंगभाव आणि लैंगिक कल यांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याचा शारीरिक-मानसिक छळ करणं, त्याला दादागिरी दाखवणं किंवा वाळीत टाकणं, हे तेव्हापासून रॅगिंग ठरतं. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी आणि पालक रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही करतो. म्हणजे मैदानावर कुणाला 'छक्का' म्हणून हाक मारणाऱ्या मुलाने, आपण असं करणार नाही, हे आधीच लिहून दिलेलं असतं. फक्त त्या सहीचा अर्थ त्याला कुणी समजावलेला नसतो. लैंगिक छळाविरुद्धचे आयोगाचे २०१५ चे नियमही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांना असा छळ सोसावा लागू शकतो, हे मान्य करतात. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीचं दार फक्त मुलींसाठी उघडं आहे हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

जालन्याची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. ते नाव मिळवण्यासाठी मराठवाड्याने नामांतराच्या लढ्यात काय सोसलं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. या नावाचा आपल्या विषयाशी एक जुना, कमी आठवला जाणारा संबंध आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना मोकळेपणाने उत्तरं देत. समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही त्यांनी टाळलं नाही. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणून ते लगेच अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारतात तर त्यांना ज्ञानानेच उत्तर दिलं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, दंड झाला. पण ज्या माणसाने नव्वद वर्षांपूर्वी हे बोलणं निषिद्ध मानलं नाही, त्याच्या नावाच्या विद्यापीठात या विषयावर मान खाली घालून गप्प बसणं शोभत नाही.

उद्या सकाळपासून

क्रीडा संचालकाला, प्रशिक्षकाला यासाठी निधी लागत नाही, वरून परिपत्रक यायची गरज नाही.

सुरुवात हजेरीपासून करता येते. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळा संघ रांगेत उभा असताना सरांनी, मॅडमनी स्पष्ट सांगावं की या मैदानावर कुणाच्या चालण्याबोलण्यावरून, शरीरावरून, प्रेमावरून शिवी दिलेली चालणार नाही; शिवी देणारा त्या दिवशी संघाबाहेर. आणि पहिल्या वेळी कुणी ती दिली की खरोखर बाहेर काढावं, मग तो संघातला सगळ्यांत वेगवान धावपटू का असेना. मुलं भाषणापेक्षा त्या एका निर्णयाकडे बघत असतात.

कपडे बदलायला आतून कडी लागणारी एक छोटी खोली हवी, एका वेळी एकाने जायची. बहुतेक महाविद्यालयांत साहित्य ठेवायची खोली असतेच. तिला कडी बसवायला किती खर्च? चड्डी की ट्रॅकपँट, स्लीव्हलेस की बाह्यांचा टीशर्ट, हे खेळाडूला ठरवू द्यावं. याचा फायदा संकोची मुलींनाही होतो, अंगावर भाजल्याच्या खुणा असलेल्या मुलालाही होतो. बाहेरगावच्या स्पर्धांना संघ एका सभागृहात सतरंज्यांवर झोपतो. त्रास बहुतेक तिथे, रात्री, होतो. तिथे एक जबाबदार शिक्षक जागा हवा आणि मुलांना त्याचा नंबर माहीत हवा.

कुणाच्याही शरीराची 'खात्री' करायचा अधिकार क्रीडाशिक्षकाला नाही, संयोजकाला नाही, वसतिगृहाच्या अधीक्षकाला नाही. शांती सौंदराजनच्या बाबतीत जगाने केलेली चूक तालुक्याच्या मैदानावर पुन्हा होऊ नये. स्पर्धेच्या अर्जावर नाव-लिंगाचा प्रश्न आला तर कागदांच्या वाटेने जावं. २०१९ च्या कायद्याने ओळखपत्राची व्यवस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवली; त्या कार्यालयापर्यंत विद्यार्थ्यासोबत एखादा शिक्षक गेला, तर त्या मुलाला आयुष्यभर ती सोबत पुरेल.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, घरी कळवू नये. विद्यार्थ्याने विश्वासाने काही सांगितलं, की काळजीपोटी पालकांना फोन करावासा वाटतो. पण तो फोन झाला की मुलीचं शिक्षण थांबतं, घाईने स्थळ पाहिलं जातं. मुलाला बुवाकडे नाहीतर 'बरं करणाऱ्या' डॉक्टरकडे नेलं जातं. समलिंगी किंवा पारलिंगी असणं हा आजार नाही, म्हणून त्यावर औषधही नाही. असे 'बदलून टाकण्याचे' उपचार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं आहे. कुणाला, कधी, किती सांगायचं, हे त्या विद्यार्थ्याच्या हातात राहू द्यावं. मन फारच खचलेलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बिंदुमाधव खिरे यांचं 'इंद्रधनु' एका कोपऱ्यात असू द्यावं. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभा करणाऱ्या या माणसाने समलैंगिकतेवर आपल्या भाषेत लिहून ठेवलं आहे. ज्याला हवं तो शोधत येईल.

आपल्या राज्यात विद्यापीठांच्या दोन मोठ्या स्पर्धा होतात. खेळांची 'अश्वमेध' आणि नाच-गाणी-नाटकांची 'इंद्रधनुष्य'. युवक महोत्सवात एखादा मुलगा लावणी करतो, स्त्रीपात्र रंगवतो, आणि आपण उभं राहून टाळ्या वाजवतो. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी स्पाइक्स घालून ट्रॅकवर आला, की त्याच्या त्याच हालचालीला आपण शिवी देतो. रंगमंचावर जे शोभतं ते मैदानावर का खटकावं? सात रंग काही फक्त रंगमंचासाठी राखून ठेवलेले नाहीत.

तिसरा लेग

माझ्या त्या मित्राचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्याने पदवी पूर्ण केली की नाही, कुठे नोकरी लागली का, हे विचारायला मी कधी गेलो नाही. त्याचं घर बसने दीड तासावर होतं. तीस वर्षांत तो दीड तास मला सापडला नाही, आणि याचं दुःख आता वयानुसार कमी न होता वाढत चाललं आहे. त्याला शब्द चिकटवणारे तिघे-चौघे असतील. हसणारे आम्ही वीस-पंचवीस होतो. मला वाटतं, तो त्या तिघा-चौघांमुळे गेला नाही. आमच्या हसण्यामुळे गेला. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने जरी 'गप रे' म्हटलं असतं, तरी कदाचित तो दुसऱ्या दिवशी आला असता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. सरांनी दुसऱ्या एकाला तिसऱ्या लेगला उभं करून पाहिलं, तो वळणावर दमायचा. दुसऱ्याच्या हातातून बॅटन निसटायचं. चौथा काही ठरला नाही. स्पर्धेच्या सकाळी मैदानाच्या कडेला टेबल लावून बसलेल्या अधिकाऱ्यांनी चौघांची नावं विचारली. आमच्याकडे तीन होती. त्यांनी यादीवर आमच्या महाविद्यालयाच्या नावावरून आडवी रेघ ओढली. आम्ही तिघं स्पाइक्स हातात घेऊन गवतावर बसलो आणि दुसऱ्यांची शर्यत पाहिली. ती शर्यत जिंकणाऱ्या संघापेक्षा आमची सरावातली वेळ चांगली होती. तेव्हा ती चौघांची होती.